कुंपणातला देवचार

३ फेब्रुवारी २००६
मी काढलेला शाळेचा नकाशा ओरोसच्या जिल्हा कार्यालयातून परत. तिसऱ्यांदा! शेरा — 'समुद्राकडील बाजूस कुंपण दिसत नाही.' दिसणार कसे? तिथे समुद्र दिसतो. चोर पोहत येऊन बाके नेतील असा अंदाज असावा. असो. ओढली भिंत. रेषेला कुठे घाम येतो!

मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंचा फोन — "मेअखेर मंजुरी नसली तर आठवीचा वर्ग नाही. अकरा मुली घरी बसतील." आवाज चढवत नाहीत. त्याचाच त्रास होतो.

११ फेब्रुवारी
जागेवर भिंतीच्या आखणीला चुन्याची फक्की मारून घेत होतो. राधाबाई येऊन उभी. मासे विकते, सत्तरीच्या पुढची, जीभ माझ्याहून तिखट.

"सायबानू, ही भित खंयसून न्हेतास?"

"इथून."

"हय देवचाराची वाट आसा. अडवलास तर शाळा उभी ऱ्हवाची नाय. मगे म्हणू नकात, म्हातारेन सांगूक नाय!"

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. पगार नाही, रजा नाही. बाबली गवंड्याने फक्कीचे घमेले खाली ठेवले ते ठेवलेच. "मी हात लावूचंय नाय."

राधाबाईला विचारले, माप काय देवचाराचे? उत्तर तयार — चार फूट रुंद, पायरी नको, वर कमान नको. "खांद्यार काठी असता तेच्या. आडकतली."

मी असले काही मानत नाही. माप मात्र लिहून घेतले.

१२ फेब्रुवारी
सरकारला भिंत सलग हवी, देवचाराला फुटकी. दोघेही दिसत नाहीत, अडवतात दोघेही. नकाशातल्या भिंतीत चार फुटांची फट सोडली.

२७ फेब्रुवारी
ओरोस. साहेबांचे बोट नेमके फटीवर. "हे काय?"

"आपत्कालीन निर्गमन मार्ग." — एका दमात निघाले तोंडातून! साहेब खूश. "पायरी नाही, कमान नाही... उत्तम. एवढा विचार कोणी करत नाही हो." श्रेय कोणाचे ते सांगायचा मोह आवरला.

२ मे
मंजूर! पद्मावतीबाईंना फोनवर कळवले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. तेवीस वर्षांच्या धंद्यात नियमात बसलेला हा पहिलाच देव.

१६ डिसेंबर
भिंत पुरी. आत आठवीच्या अकराजणी, बाहेर मी, हातात टेप. फटीतून राधाबाई आली. डोक्यावर म्हावऱ्याची भरलेली पाटी. वाकली नाही, अडखळली नाही, तडक रस्त्याला.

"देवचाराच्या वाटेने गं?"

"चाळीस वर्सा ही वाट माझीच. भित झाली असती तर खाडयेसून वळसो."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

पाटी सावरत म्हणाली, "माझी म्हणान सांगलंय असतंय, तर सोडलास असतास?"