बारशातले पाचवे बोट

नाचणे, रत्नागिरी

तीर्थस्वरूप सौ. नम्रताताईस,

अजिंक्यचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि तुमच्या कुत्र्याचा स्वभाव यांपैकी कशात सुधारणा झाली, ते कळवावेस. मी प्रकृतीने ठीक आहे. (जेवणाविषयी विचारू नयेस. तो विषय एका पत्रात मावणार नाही.)

परवा तू नागपुराहून फोनवर जे बोललीस त्यावरून असे दिसते की, मी माझ्या पोटच्या मुलीची भर मांडवात विटंबना केली आणि म्हणून सासरच्यांनी तिला अडकवून ठेवले, अशी काही हकीकत तुझ्यापर्यंत पोहोचली आहे. या हकीकतीत सत्य आहे, पण ते चुकीच्या जागी ठेवलेले आहे. म्हणून प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. पहिली गोष्ट : पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मनस्वी नाटे येथे आईवडिलांकडे गेली. दुसरी : तिला राजापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि दोघीही सुखरूप आहेत. तिसरी : सव्वा महिन्याने नाटे येथेच बारसे झाले आणि तुझ्या अनुपस्थितीत शेजारच्या एका बाईंनी आत्या होऊन बाळाच्या कानात 'सानवी' हे नाव सांगितले. (सख्खी आत्या का आली नाही, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे व ते पत्र मी लिहिणार आहे.) चौथी : त्याच संध्याकाळी मी स्वतः हाताने काढलेले एक छोटे कार्टून अंगणात पडद्यावर दाखवले, त्याची नायिका सानवी होती. पाचवी : त्या कार्टूनात सानवीच्या प्रत्येक हाताला चार बोटे होती. सहावी : सासूबाईंनी अट घातली की, पाचवे बोट जोडून तेच कार्टून त्याच अंगणात त्याच माणसांना पुन्हा दाखवल्याशिवाय पोर रत्नागिरीला जाणार नाही. सातवी : त्या दोघी अजून तिकडे आहेत आणि मी इकडे आहे.

आता चार बोटांविषयी. तुला आठवत असेल, पालीच्या घरी मी दूरदर्शनवरची जुनी कार्टूने पाहायला बसलो की आई म्हणायची, 'हा हसत नाही, नुसता तपासतो.' ते खरे होते. हाताने काढलेल्या त्या जुन्या कार्टूनांत विनोद आपोआप होत नसे; कड्यावरून पुढे धावत गेलेले पात्र खाली पाहीपर्यंत पडत नाही, यामागे किती चित्रे थांबवून धरायची याचा हिशेब असे. त्या जुन्या कारागिरांपैकी बहुतेकांनी आपल्या पात्रांना चारच बोटे दिली. कारण इवल्याशा गोल हाताला पाच बोटे काढली की त्याची केळ्यांची फणी होते. हे शास्त्र शिकण्यात मी अहमदाबादेत उमेदीची वर्षे घालवली. आजकाल मुलांपुढे फोनवर जी चकचकीत प्लास्टिकची चित्रे नाचतात, त्यांना पाच काय, सात बोटे असली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण त्यांच्या हातांना काही म्हणायचेच नसते. माझ्या मुलीची पडद्यावरची पहिली भेट मी असल्या हातांनी करून द्यायची होती काय?

हे कार्टून मी कोणत्या परिस्थितीत काढले, तेही सांगितले पाहिजे. पहिलटकरणीचा नवरा हा सासुरवाडीला आलेला पाहुणाच असतो, हे मला ठाऊक होते. तो इतका पाहुणा असतो, हे ठाऊक नव्हते. दर रविवारी मी आडिवऱ्यावरून नाटेला जातो. अंगणात माझ्यासाठी खुर्ची मांडतात (बाकी सगळे जमिनीवर बसतात, त्यामुळे मी सभेच्या अध्यक्षासारखा दिसतो). सासरे खंडूशेट, म्हणजे दोन होड्यांचे मालक आणि अत्यंत मितभाषी गृहस्थ, माझ्यापुढे सुरमईची सर्वांत मोठी तुकडी ठेवतात आणि समुद्राकडे पाहत राहतात. आत शेगडी, शेक आणि ओव्याची धुरी यांत मनस्वी कोठेतरी असते. मग सासूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत आणतात, सराफ दागिना दाखवतो तसे मला दाखवतात, 'वायच झोपलीय आता' म्हणतात आणि परत नेतात. बाळाच्या चेहऱ्याचा जेवढा भाग मला दिसे, तेवढा मी परतीच्या गाडीत मनाशी घोकत असे आणि घरी येऊन, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर कागद ठेवून काढत असे. ती जांभई कशी देते, भुवया आधी उचलते की ओठ आधी गोल करते, हे मी जितके काटेकोर टिपले आहे तितके तिच्या आजीनेही टिपले नसेल. कार्टून एवढेच होते : पाळण्याची दोरी एका सुरमईच्या तोंडात असते, सुरमई पोहू लागते, पाळणा समुद्रावर तरंगत निघतो आणि सानवी काठावरच्या सगळ्यांना हात हलवून निरोप देते.

तो हात हलवणेच नडले. अंगणात दोरीवर चादर बांधली होती. नाटे गावची निम्मी वस्ती बसली होती. सुरमई आली तेव्हा माणसे मनापासून हसली. ('साली ही जाळ्यात का येत नाय?' असे कोणीतरी ओरडले, त्यालाही हशा मिळाला. मी ते कौतुक समजतो.) नंतर सानवीचा हात पडदाभर मोठा झाला, मागेपुढे हलला, आणि पहिल्या रांगेतून सत्यवती नावाच्या वृद्ध मासेविक्रेत्या बाईंचा आवाज आला, "अगो मथुरा, पोरीची बोटां चारच काढलीन गो जावयानं!"

मथुरा हे सासूबाईंचे नाव. त्या उठल्या. त्यांच्यामागे सगळ्या बायका उठल्या आणि पडदा सोडून पाळण्याकडे गेल्या. झोपलेल्या बाळाचा हात दुपट्यातून बाहेर काढून मोठ्याने मोजणी सुरू झाली. आता तान्ही मुले अंगठा आत घेऊन मूठ मिटतात, हे त्या अंगणातील प्रत्येक बाईला माहीत असणार. परंतु पडद्यावर चार पाहून आलेल्या डोळ्यांना चारच दिसली. पहिली मोजणी चार. दुसऱ्या हाताची मोजणी चार. मी खुर्चीवरून उठून शास्त्र समजावू लागलो आणि 'केळ्यांची फणी' या शब्दापर्यंत पोहोचलो असेन, तोच मनस्वी आतून बाहेर आली. "आई, अंगठा आत आहे तिचा," ती म्हणाली, "मूठ तरी उघड." मूठ उघडली, पाच निघाली. सानवीने असे भोकाड पसरले की होड्यांवरची कुत्री भुंकू लागली. नंतर मीठमोहरी ओवाळून झाल्यावर सासूबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "जावयबापू, तुमी मोठे शिकलेले, आमी कोन बोलनार? पन देवानं पाच दिलीन, तुमी एक कशाला कमी केलंव?"

तोवर बातमी कुंपणाबाहेर गेली होती, आणि तिच्याबरोबर मोजणीचा दुसरा भाग गेला नव्हता. सकाळी बंदरावर लिलावात एका व्यापाऱ्याने सासऱ्यांना विचारले, "खंडूशेट, नातीला एक बोट कमी म्हनतात, खरं काय?" तेव्हा आमचे मितभाषी सासरे म्हणाले, "माझी नात हाय ती, पापलेट नाय. तुला मोजून घ्यायची नाय." (हे त्यांचे त्या महिन्यातील सर्वांत मोठे भाषण होते आणि मला ते कोरून ठेवावेसे वाटते.) परंतु मासळीबरोबर बातमी राजापूर, लांजा करत रत्नागिरीला माझ्याआधी पोहोचली. आमच्या इमारतीचे सचिव सखारामकाका जिन्यात थांबले, माझा खांदा दाबून म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. कोल्हापूरला एक डॉक्टर आहेत, जोडून देतात. कुठल्या हाताचं?" आणि मी, चित्राच्या विचारात असल्यामुळे, "दोन्ही," म्हणून गेलो. त्या दिवसापासून शेजारून आमटी येते. ती बेताची असते.

सासूबाईंच्या अटीला मी नकार दिला आहे आणि तो तत्त्वाचा आहे. उद्या कोणी म्हणाले, सुरमई दोरी ओढत नाही, तर मी सुरमईही काढून टाकायची काय? मनस्वी फोनवर हसते आणि 'काढ की अजून एक बोट, तुझं काय जातंय' म्हणते. तिला मी चित्रकलेचा इतिहास समजावला, तेव्हा पलीकडून सानवीची उचकी ऐकू आली आणि फोन बंद झाला.

तेव्हा सध्या मी इथे आहे. फ्लॅट इतका नीटनेटका आहे की पाहुण्याला बसण्याचे धैर्य होऊ नये. आतल्या खोलीत पाळणा जोडून ठेवला आहे. त्याचा कोन खिडकीशी बरोबर जुळत नव्हता, तो मी अनेकदा जुळवला आहे. काम चालू आहे असे म्हणता येईल. मुंबईच्या एका कंपनीसाठी टूथपेस्टच्या जाहिरातीतील दातांचे जंतू काढत होतो. तिथला ऋत्विक नावाचा मुलगा (वय कोवळे, हुद्दा मोठा) कळवतो की जंतू परत करत आहोत. "सर, लोकांना जंतूंची भीती वाटायला हवी. हे बघून ते दत्तक मागतील." मी चित्रे पुन्हा पाहिली. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. प्रत्येक जंतू जांभई देण्याआधी भुवया उचलत होता.

काल आतल्या खोलीत जेवताना एक जुने कार्टून लावले. त्यात एक लठ्ठ हवालदार दारावर थाप मारतो आणि दार चौकटीसकट त्याच्या अंगावर पडते. पण पडण्याआधी क्षणभर ते विचार करते. दाराने विचार करावा, हे केवढे मोठे काम आहे! मी मोठ्याने हसलो, आणि शेजारी कोण हसले ते पाहायला वळलो. तिथे पाळणा होता. मग कार्टून बंद करून ताट घासले.

असो. तू थोरली आहेस, सर्व बाजू ऐकून न्याय करशील अशी खात्री आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अजिंक्य

ता. क. : एक तपशील वर राहून गेला. सासूबाईंनी ती अट त्याच आठवड्यात मागे घेतली. 'ऱ्हाऊ दे चार, बेगीन येवा नि दोघींना घेऊन जावा,' असा त्यांचा निरोप आहे. सानवी रडू लागली की त्या स्वतः तिच्यापुढे फोनवर तेच कार्टून लावतात, असे मनस्वी सांगते. तेव्हा माझा नकार आता कोणालाच नको आहे. मी तो तसाच धरून ठेवला आहे, कारण तो सोडला तर मला दोघींना आणायला जावे लागेल.

दुसरा ता. क. : पत्र लिहिण्याचे कारण असे. बारशाच्या गोंधळात मनस्वीने रडणारी सानवी माझ्यापुढे धरली आणि "घे," म्हणाली. मी हात मागे घेतले आणि हातांना शाई आहे म्हणालो. हात स्वच्छ होते. पुढच्या रविवारी मला सर्दी होती, त्याच्या पुढच्या रविवारी प्रवासाची धूळ. ताई, मी सानवीला अजून एकदाही उचललेले नाही. मनस्वीने हे ओळखले आहे. तिचे एवढेच म्हणणे आहे की, न्यायला येशील त्या दिवशी घराच्या दारापासून गाडीपर्यंत मुलीला तू न्यायचे, दुसऱ्या कोणी नाही. मी तिच्या वजनाची तांदळाची पिशवी घेऊन गॅलरीत सराव करतो. (सखारामकाकांनी पाहिले. आमटीचे प्रमाण वाढले.) पण पिशवीला मान नसते, आणि माझी सगळी भीती मानेची आहे. ती मान मी कोणत्याही बाजूने काढू शकतो. ती माझ्या हातावर कशी टेकते, ते मला ठाऊक नाही. तू दोन मुले वाढवलीस, आणि मी झालो तेव्हा मलाही तूच कडेवर घेऊन फिरत होतीस, असे आई सांगायची. तेव्हा मानेखाली कोणता हात जातो, डोके कोणत्या कोपरावर येते, उचलताना आधी काय आणि ठेवताना शेवटी काय, हे क्रमवार लिहून स्पीड पोस्टाने पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू आधी हसशील, मग रडशील, आणि मी फोन ठेवून देईन. तुझे उत्तर हातात पडेपर्यंत मी दोघींना आणायला गाडी सांगणार नाही, आणि मला गाडी सांगायची आहे. उत्तर लेखी हवे, आणि उलट टपाली हवे.