दोन्ही हातांनी दिलेला चेंडू

फहाहील, कुवेत, गुरुवार, जानेवारी १९६४

आजही हरलो. जुने खेळाडू गावी परतल्यापासून कंपनीची बास्केटबॉल टीम नव्याने उभी करतोय, आणि आता खरंच थकलो. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा याकूब यंदाच आलाय, खेळात सगळ्यांत सरस. पण शेवटच्या मिनिटाला बास्केटखाली मोकळा असूनही त्याने चेंडू मलाच दिला. दोन्ही हातांनी, मोठ्यांपुढे ताट ठेवावं तसा. माझा नेम चुकला.

परतताना गाडीत विचारलं, तर म्हणाला, "मामू, तुमच्या आधी मी कसा टाकू?"

रागवायचं तरी कसं? आमच्याकडे वाढवतातच तसं. मी मैदानात आहे तोवर तो मलाच देणार, दोन्ही हातांनी.

पुढच्या मॅचला गुडघा दुखतो असं सांगून बाहेर बसेन, म्हणजे तो स्वतः टाकेल. गुडघा अजून ठणठणीत आहे, तेच जिवाला लागतंय.