काळीवर नजर

१२ नोव्हें., बुध.
आठवीला शिकवलं: कुत्रं चावलं तर साबण, वाहतं पाणी, मग थेट दवाखाना. पोरांनी नळावर करून दाखवलं. गृहपाठ: शेजारी विचारून या, चावल्यावर काय लावता. शाळेमागे कुत्री का जमतात तेही त्यांनीच शोधलं. चिकनच्या दुकानाची घाण आणि आमच्याच मध्यान्ह भोजनाचं उष्टं. माणूस, जनावर, उकिरडा यांचं नातं पुस्तकात चार पानं चाललंय, पोरांना एका फेरीत कळलं. फार लाडकी आहेत मेली.

१३, गुरु.
दिव्याखाली अंधार. मागच्या गल्लीतली टिकेश्वरी, वर्गातली सगळ्यात चौकस, विचारायला आमच्याच घरी गेली. आईने तिला सगळं सांगितलं. काल सकाळी आमची काळी कुत्री पायाला चावली, रक्त आलं, तिखट आणि सरसोंचं तेल लावलं. मला, पोटच्या पोरीला, अवाक्षर नाही! टिकेश्वरी कानाशी येऊन म्हणाली, "मैडम, आजी ने मिर्ची लगाई है. आप डाँटना मत."

अर्धी रजा टाकून घरी. डाँटलंच. मग मलाच रडू आलं. काळी आमच्या दारात वाढलेली, आईच्या हातची पोळी खाणारी. कधी कोणाला चावली नाही, म्हणून तर जास्त भीती.

आई म्हणे, "तुले सांगतलं असतं तं तू तिले कुत्रे धरायच्या गाडीत भरून पाठवली असती."

जखम धुतली. ती दवाखान्यात यायला तयार नाही. शेवटी सौदा: काळीला कोणी नेणार नाही, दहा दिवस फक्त नजर ठेवायची. तेव्हा उठली. दंडात सुई, जखमेतही एक. हूं की चूं नाही. परत येताना मात्र समोसा मागितला.

१४, शुक्र.
बालदिन. वर्गाने काळीची पाळी वाटून घेतली. लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही. खाते का, पाणी पिते का, चालताना झोकांड्या जातात का. टिकेश्वरीने दारोदार सांगितलं, काळीवर रेबीजची नजर आहे, जवळ जाऊ नका. मीच सांगायला लावलं. शाबासकीही दिली.

१७, सोम.
काळी नाही. कालपासून.
समोरच्या काकांनी न विचारता कबूल केलं. घरात नातवंडं आहेत, तुमच्याच पोरांनी रेबीज सांगितलं, मग टेम्पोवाल्याला सांगून तिकडे कुम्हारी गावात सोडायला लावली. आपल्याकडची रीतच ती. नको असलेलं कुत्रं दुसऱ्याच्या गावात. घाबरवलं मी. नजर म्हणजे काय ते पोरांना शिकवलं, गल्लीला शिकवायचं राहिलं.

आईला सांगितलं. जेवली नाही.

२०, गुरु.
डॉक्टर म्हणाले, कुत्रं दिसत नाही म्हणजे एकही डोस चुकवायचा नाही. आज तिसऱ्या डोसला आई स्वतःहून रिक्षात बसली.
संध्याकाळी स्कूटीवर कुम्हारी. ढाबे, पंक्चरवाले, सगळीकडे विचारलं. "काळी" अशी हाक मारली तर तीन कुत्र्यांनी कान टवकारले. त्यांतली एकही आपली नाही. तिथल्या शाळेच्या फाटकाशी पोरं कुत्र्यांना बिस्किटं घालत होती. लांब राहा, चावलं तर थेट दवाखाना, असं त्यांना सांगून आले.

२२, शनि.
शाळेत पशुवैद्य आले. गल्लीतल्या कुत्र्यांना लसी, डोक्यावर लाल रंगाचा पट्टा. समोरचे काका एका मोत्याला बिस्किटाने बोलावत होते. आईने त्यांना चहा दिला, बोलली मात्र नाही. उष्ट्यासाठी झाकणाचा डबाही आला.
मी खुशीत म्हटलं, आता आपली गल्ली सुरक्षित.
आई आपला दंड चोळत होती. "मले सुई लागली, या साऱ्याइले लागली. तिले तिकडं कोन लावन? अन् ते बिस्किटवाले पोट्टे?"
कुम्हारीच्या शाळेत कोणाला भेटायचं, ते उद्याच विचारून घेते.