धुराड्यावरचा माणूस

ड्रमलॉ गोल्फ क्लब,
रविवार दुपार, पाऊस

प्रिय लॅखलन दाजी,

तुम्हाला आणि ताईला मनापासून नमस्कार. तुमचा खोकला एव्हाना दमला असेल, आणि एल्स्पेथताईला कमरेचा नवा सांधा बसवल्यापासून ती जुन्यापेक्षा दुप्पट कामं काढत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. माझे गुडघे ठीक नाहीत, पण त्यांना ‘सगळे’मध्ये धरायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही पाठवलेली मेपलच्या पाकाची बाटली पोचली. (या खेपेस फुटली नव्हती, नुसती गळली होती. त्यामुळे ताईचं पत्र वाचता आलं नाही, पण चव चांगली होती.)

पत्रास कारण म्हणजे आपला पाचवा होल. तुम्ही पोरवयात त्याच चढावर लोकांच्या बॅगा वाहिल्या आहेत, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण इतकी वर्षं कॅनडात राहून माणूस सपाट जमिनीला सरावतो, म्हणून आठवण करून देतो. पहिला फटका मारायच्या जागी, टीवर, उभं राहिलं की समोर नुसती टेकडी. वर ग्रीन, म्हणजे खळगा आणि झेंडा असलेली कातरलेली हिरवळ, आहे हे ऐकीव माहितीवर मानायचं. हवा स्वच्छ असली तर झेंड्याचं टोक दिसतं, म्हणजे वर्षातून दोन-चारदा. खालून वर बघताना मान मोडते म्हणून गिरणीतल्या कुणीतरी या होलला ‘धुराडं’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. अंतर म्हणाल तर सपाटीवर आपल्या पाद्रीबाबांनीही एका फटक्यात गाठावं इतकं. पण चेंडू आभाळाकडे मारायचा असल्यामुळे तिथं भलीभली मंडळी लांब पल्ल्याची काठी घेतात आणि तरी निम्म्या वाटेतल्या गवतात चेंडू शोधत बसतात. त्यातून जुन्या लोकांनी ग्रीन खालच्या माणसाला थोडं तरी दिसावं म्हणून पुढे कलतं केलं. ते दिसलं तर नाहीच, वर चेंडू मात्र त्यावर ठरेनासा झाला. मागल्या वर्षी पाद्रीबाबांनी वरच्या अंगानं चेंडूला हलकासा धक्का दिला, तर तो खळग्याची विचारपूस करून पुढे निघाला आणि उतार धरून थेट टीवर परत आला. (पाद्रीबाबा त्यावर काय म्हणाले ते वाऱ्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही, असं आम्ही सर्वानुमते ठरवलं.)

तुम्ही मागे सुट्टीवर आला होतात तेव्हा त्याच टीवर उभं राहून जे बोललात ते मी विसरलो नव्हतो. छोट्या होलचं सुख एकच, असं तुम्ही म्हणालात: आपण मारलेला चेंडू उडताना, पडताना आणि थांबताना डोळ्यांनी बघायचा. ते सुख काढून घेऊन बदल्यात नुसती धाप देणारा होल आज कुणी आखला तर त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली पाहिजे. आपल्या जुन्या लोकांकडे ना यंत्रं होती ना पैसा; टेकडीच्या माथ्यावर पुढचे होल आखलेले आणि तिथवर माणसं न्यायची कशी, तर मध्ये हा जिना टाकला. म्हणजे हा होल नव्हेच, ही वाट, असं तुमचं मत पडलं. मला ते पटलं. (गुडघ्यांना आधीच पटलेलं होतं.) म्हणून यंदा कप्तानकी माझ्याकडे आल्याबरोबर मी ठराव मांडला की धुराडं बंद करावं, ओढ्याकाठी सौम्य उताराचा नवा छोटा होल करावा, आणि माथ्यावर जायला बाजूनं वळणाची पायवाट काढावी. मैदानं आखणं हा तुमचा धंदा, तरी त्याचा नकाशा तुम्ही फुकट काढून पाठवलात. फार सुरेख नकाशा. क्लबातल्या भिंतीवर लावला होता, आणि त्याच्यापुढे उभं राहून लोक आपापले गुडघे चोळायचे.

विरोध होता, नाही असं नाही. सूप आणि बार दोन्ही सांभाळणाऱ्या इशबेल केर्नक्रॉसबाईंचं म्हणणं, धुराडं गेलं तर माणसांना भूक लागणार नाही. कुणी म्हणालं, आजोबा तिथेच दमले, आम्हीही तिथेच दमणार. आणि राहिला वॉटी पर्विस. वॉटी तुम्हाला आठवत असेल. खाटकाचं दुकान होतं तो, शाळेपासून माझ्याबरोबर खेळणारा. ठरावाचं मी त्याला आधी सांगितलं तेव्हा तो आपल्या काठीचं टोक पुसत एवढंच म्हणाला, “आणि बाकाचं काय करणार?” चढाच्या निम्म्या वाटेवर त्याच्या बायकोच्या, बेथियाच्या, नावाचा बाक आहे, ती गेली त्या वर्षी त्यानं बसवला. मी म्हटलं, बाक काय, पहिल्या टीजवळ आणून ठेवू, तिथं कचऱ्याचा डबाही आहे, लोकांची सोय होईल. वॉटी बरं म्हणाला. वॉटी सगळ्यालाच बरं म्हणतो.

तर गुरुवारी मी आणि वॉटी धुराड्याचं अंत्यदर्शन घ्यायला गेलो. शनिवारी सभा होती. धुराड्यावरचा आपला रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे: ज्यानं आधी मारलं त्यानं वर चढायचं, ग्रीनजवळ उभं राहायचं, घंटा वाजवायची, मग खालच्यानं मारायचं, म्हणजे चेंडू कुठे पडतो हे निदान एका माणसाला तरी दिसतं. (चेंडू महाग होते तेव्हाचा हा रिवाज. आता चेंडू स्वस्त झाले, पण ‘वरचा माणूस’ आम्ही सोडला नाही.) वॉटीनं आधी मारलं. मग तो चढायला लागला, बाकापर्यंत पोचला आणि नेहमीप्रमाणे बसला. मी खाली उभा. नवल म्हणजे आठवडाभर पाऊस नव्हता. गवत कोरडं, ओढा आटलेला, माणसं एकमेकांकडे संशयानं बघत होती. वॉटी बराच वेळ बसला. मी एक गोळी तोंडात टाकली, ती संपली, तरी तो बसलेलाच. मग उठला, दिसेनासा झाला आणि घंटा वाजली.

मी मारलं. दाजी, तुम्हाला खोटं सांगत नाही, फटका वाईट बसला. हाताला मुंग्या आल्या, चेंडू खालून निघाला, जरा डावीकडे गेल्यासारखा वाटला आणि टेकडीच्या काठावरून नाहीसा झाला. मी बॅगेत काठी घालतोय तोच वर घंटा सुरू झाली. एकदा नव्हे, सारखी, आग लागल्यावर वाजवतात तशी. माझ्या मनात एकच आलं, की वॉटीच्या छातीत कळ आली आणि तो दोरीला लोंबकळतोय. त्याच्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. बॅग तिथेच टाकून मी पळालो. हो, धुराड्यावर पळालो, आणि वाटेत बेथियाच्या बाकाला धरून एकदा वाकलो, तेव्हा स्वतःची फार भीती वाटली आणि वॉटीची त्याहून जास्त. त्याच्यावाचून मी शनिवारची दुपार कुणाबरोबर काढणार हा विचार त्या चढावर पहिल्यांदा आला, आणि तो गुडघ्यांपेक्षा जास्त दुखला.

वर पोचलो तर वॉटी टोपी हातात घेऊन झेंड्याजवळ उभा. धडधाकट. म्हणाला, “मुंगो, इकडे ये. खळग्यात बघ. मी हात लावलेला नाही.” वाकून बघितलं. माझा चेंडू. शंभर वर्षांहून जुन्या या क्लबात धुराड्यावर एका फटक्यात खळगा कुणी घेतल्याची नोंद नाही. इतर होलवर घेणाऱ्यांची नावं बारमागच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत आहेत, पाचव्यासमोर नुसतं लाकूड. मी ग्रीनवर खाली बसलो. मला रडू आलं हे तुम्ही ताईला सांगितलंत तरी चालेल.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. असा फटका मारणाऱ्यानं सगळ्यांना पाजायचं हा आपल्याकडचा कायदा, आणि गुरुवारी दुपारी ज्या बारमध्ये एरवी मांजर झोपलेलं असतं तिथं खाली येईपर्यंत निम्मं गाव जमलेलं. (बातमी माझ्याआधी कशी उतरली हे मला अजून कळलेलं नाही. घंटेनं उतरली असावी.) तिथं इशबेलबाईंनी ग्लास पुसता पुसता सगळ्यांसमोर विचारलं, “म्हणजे तुझं नाव या फळ्यावर, आणि होल तिकडे ओढ्याकाठी? पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, कप्तानसाहेबांनी घेतला आणि मोडून टाकला?” लोक हसले. मीही हसलो. रात्री झोप लागली नाही.

शनिवारी सभा झाली. मतं घेतली तर दोन्हीकडे सारखी पडली, आणि रिवाजाप्रमाणे कप्तानाचं जादा मत निर्णायक. मी उभा राहिलो आणि स्वतःच्याच ठरावाविरुद्ध असं काही बोललो की बोलणारा कोण हे बघायला दोनदा मान वळवावीशी वाटली. होलचा मोठेपणा दिसण्यावर नसतो, असं म्हणालो. चढताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, असं म्हणालो. सपाट सुख काय, कॅनडातही मिळतं, असंही म्हणून गेलो; त्याबद्दल क्षमस्व. धुराडं राहिलं. तुमचा नकाशा फळ्याजवळून काढून बायकांच्या खोलीत लावला आहे, तिथं भिंतीला ओल आहे.

ताईला सांभाळा. जुलैत तुम्ही दोघं येताय त्याची वाट बघतोय.

तुमचा मेहुणा,
मुंगो टेट

ता. क. पत्र बंद करणार होतो, पण तुमच्यापासून लपवून काय करू. गुरुवारी बारमध्ये सगळे माझा चेंडू हातोहात फिरवत होते तेव्हा मी खाली बघत होतो, विनयानं. वॉटीचा उजवा बूट घोट्याच्या वरपर्यंत भिजलेला होता आणि पँटीच्या टोकाला काळा चिखल. आठवडाभर पाऊस नाही, हे मी वर लिहिलंच आहे. त्या अख्ख्या टेकडीवर तेव्हा ओली जागा एकच, ग्रीनच्या डावीकडची दलदल. आणि खळग्यातून काढलेला माझा चेंडू इतका स्वच्छ होता, की मी तो कधी एवढा पुसल्याचं मला आठवत नाही. ‘मी हात लावलेला नाही’ असं तो म्हणाला खरं, पण मी विचारलं कुठे होतं?

पुन्हा ता. क. मी त्याला काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. आज सकाळी पाऊस सुरू व्हायच्या आधी एकटाच धुराडं चढलो आणि बेथियाच्या बाकावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथून नेमकं त्यांच्या घराचं मागचं दार दिसतं, आणि ती दोरीवर कपडे वाळत घालायची ते अंगण. वॉटीला बाकापर्यंत धाप लागत नाही, दाजी; मी मुद्दाम आठवून बघितलं. बाकावरून उठल्यावर लागते. आणि मी तो बाक कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवायला निघालो होतो. फळ्यावर माझं नाव मंगळवारी रंगवणार आहेत. रंगवू नका म्हणावं तर बाकाची गोष्ट उघड्यावर येते, म्हणून रंगवू देणार आहे.

शेवटचं ता. क. एक काम होतं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. जुलैत आपण तिघं खेळू. तुम्ही पाहुणे, तेव्हा धुराड्यावर आधी तुम्ही मारायचं आणि रिवाजाप्रमाणे वर जाऊन उभं राहायचं. मग वॉटी मारेल. त्याचाही चेंडू डावीकडेच जातो. तुम्ही नियमांना किती जपता हे मला माहीत आहे. आपलाच चेंडू चुकून बुटानं हलला म्हणून स्वतःवर दंड घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण पाचव्यासमोर एका नावाखाली अजून एका ओळीला जागा आहे. आणि खालून काही दिसत नाही हा त्या होलचा दोष, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यावर जरा पुन्हा विचार करावा. घंटा बराच वेळ वाजवा, आम्ही सावकाश चढू. येताना जादा बूट आणि मोजे आणा. वॉटीनं आणले नव्हते.