एकवीस नंबरची कॅसेट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

खट्! आज सकाळी खिडकीपाशी बसलो असताना हा आवाज कानात वाजला आणि मी पस्तीस वर्षं मागे जाऊन पडलो. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण गं. (तू म्हणशील, आधी तब्येतीची चौकशी करावी, मग आवाज काढावेत. तर गुडघे कसे आहेत? उजवा जास्त छळतो की डावा? जपून राहा, आणि माळ्यावर तर मुळीच चढू नकोस. का, ते पुढे येईलच.) आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे मी बरा आहे आणि मॅडमचा पाय मुरगळला आहे. तेही पुढे येईल.

साडेपाचला शाळेत शिकवून घरी यायचं, चहा ठेवायचा आणि खट्! की एखादी अनोळखी बाई आमच्या स्वयंपाकघरात बोलू लागायची. काय ते दिवस होते, ताई! आधण उकळतंय, खिडकीत ऊन कलतंय, आणि कुणीतरी सांगतंय की दंगलीच्या आधी पक्षाच्या पोरांच्या काठ्या तिने तांदळाच्या डब्यामागे कशा लपवल्या होत्या. अशा एक्केचाळीस बाया. कुणाचंच नाव मला ठाऊक नाही. नाव फुटलं तर त्यांच्या जिवावर बेतेल, म्हणून मॅडमचा कडक नियम होता की कॅसेटवर फक्त नंबर, तोही पेन्सिलीने. त्यामुळे आमच्या घरात ‘बारा नंबरला नातू झाला’ आणि ‘तीस नंबरने घर बदललं’ अशाच बातम्या असायच्या.

(मॅडम म्हणजे तुझी भावजय. सगळं विद्यापीठ म्हणतं म्हणून मीही म्हणतो. शिवाय ‘अगं’ म्हटलं तर तिला ऐकू येत नाही.)

तुला आठवतं, मॅडमने संशोधनाला हा विषय घेतला तेव्हा विभागप्रमुख काय म्हणाले होते? ‘बाई, राज्यशास्त्र म्हणजे घटना, निवडणुका, सीमा. दंगलीत बायका काय करत होत्या हा गृहविज्ञानाचा विषय झाला.’ मॅडमने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून निघाली. चौदा वर्षं निघतच राहिली. कुणाच्या ओट्याशी बसली, कुणाच्या शिलाई मशीनशेजारी. नेते मंचावर सांगतात ती हिंसा वेगळी आणि घरातल्या बाईला आठवते ती वेगळी, हे तिला सिद्ध करायचं होतं. केलंही. पुढे तेच विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण तिनेच केलं, आणि त्यात गृहविज्ञानाचे आभार मानले!

माझं काम ते सगळं कागदावर उतरवण्याचं. माझा जन्म गेला मुलांना कविता शिकवण्यात. मला वाटायचं, बोलणं कसं नदीसारखं वाहतं हवं, म्हणून मी खोकले गाळायचो, थांबे बुजवायचो. मॅडम लाल शाईने विचारायची, ‘इथे ती बाई थांबली होती. तुम्ही तिला पुढे का ढकललंत?’ मग मी शिकलो. (खोकला.) (भांडं पडलं.) (शांतता, सात सेकंद.) ताई, मी आयुष्यभर कवितेतला यती शिकवला, पण थांबणं म्हणजे काय ते मला त्या कंसांनी शिकवलं.

आता मुद्दा. एकविसावी बाई सुतारकाम जाणणारी होती. बोलण्याआधी दोनदा खोकायची, थांबायची, पुन्हा एकदा खोकायची. तिची कॅसेट मी मटार सोलता सोलता एकदा ऐकली आणि ठेवून दिली. पेन्सिलीचा नंबर माझ्या ओल्या बोटाने पुसला गेला असावा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या संमेलनात म्हणायच्या कवितेचा सराव करायचा होता, म्हणून कोरी समजून तीच कॅसेट घातली आणि गळा साफ करून अख्खी कविता म्हटली. चार मिनिटं. संपल्यावर मागचं ऐकू म्हटलं तर माझ्या शेवटच्या ओळीला लागून ती बाई म्हणाली, ‘आणि मग उजाडलं.’

काय उजाडलं, कुणाला विचारू? मग मी ती चार मिनिटं आठवून लिहिली. जमावाने तिचं दार फोडलं आणि तिने ते रातोरात पुन्हा बसवलं, एवढं पक्कं आठवत होतं. पण कागद समोर आला की माझा हात सरळ चालतो का? मी लिहिलं, ‘दार तोडायला शंभर हात आले, दार जोडायला माझेच दोन उरले.’ मॅडमने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. (शांतता, सात सेकंद नव्हे, चांगली मिनिटभर.) पुढे मॅडमच्या पुस्तकात तेच वाक्य एका प्रकरणाचं नाव झालं. देशोदेशीच्या सभांत वाचलं गेलं. एका विद्वानाने लिहिलं, अशिक्षित स्त्रीच्या बोलण्यात उपजत काव्य असतं! मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

आता या कॅसेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायच्या आहेत. मॅडमची एक विद्यार्थिनी त्या संगणकावर चढवते आहे. चाळीस सापडल्या. एकविसावीसाठी मॅडम सत्तराव्या वर्षी स्टुलावर चढली आणि पाय मुरगळून घेतला. आता पलंगावर पडून म्हणते, ‘त्या बाईने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तिचा आवाज हरवला.’ स्वतःच्या निष्काळजीपणाची कबुली तिने लिहून ठेवली आहे, उद्या ती ग्रंथालयाला जाईल. त्या बाईच्या जुन्या पत्त्यावर माफीचं पत्रही धाडलं, उत्तर नाही. आणि मी तिच्या पायाला लेप लावतो आणि गप्प बसतो.

सर्वांस यथायोग्य. गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता.क. १ : तुझ्या माळ्यावर लोकरीची पेटी आहे, तिच्या तळाशी ती कॅसेट आहे. पस्तीस वर्षांपूर्वी तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हा मीच लपवली. कुणाला तरी चढवून काढ आणि जाळून टाक. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी.

ता.क. २ : जाळू नकोस! बेल वाजली म्हणून उठलो. दाराबाहेर कुणीतरी दोनदा खोकलं, थांबलं आणि पुन्हा एकदा खोकलं. ताई, हा खोकला मी कंसात बावीस वेळा लिहिला आहे. दार उघडलं तर पांढऱ्या केसांची एक बाई, हातात पिशवी.

म्हणाली, ‘मॅडमचं पत्र फिरत फिरत आलं. टेप हरवली म्हणे. म्हटलं, पुन्हा सांगून येऊ, त्यात काय एवढं.’ मग आमच्या दारावरून हात फिरवून म्हणाली, ‘बिजागरी सैल झालीय तुमची.’ मी आत या म्हणायचंही विसरलो. तीच पुढे म्हणाली, ‘आणि पुस्तकात तेवढं एक चुकलंय हो. हात दोन नव्हते, चार होते. पहाटेपर्यंत दार धरून माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी काढलं?’

(शांतता, सात सेकंद.)

बाईंना बसवून हे खरडतो आहे, आणि आतून मॅडम विचारते आहे, ‘अहो, कोण आलंय?’ कॅसेट पाठव, ताई. मी आत सांगायला जातो आहे.