डॉर्कसची बिअर आणि बाटलीवरचा मालक

मी, धम्मदीपा गजभिये, मूळची भंडाऱ्याची, हल्ली राहणार बॉन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण घरी टाइप केलेलं इथल्या कायद्याला चालत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मी रागावलेली आहे, पण तो आजार नव्हे, असं डॉक्टरांचं मत आहे. यापूर्वी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी यामिनी हिला द्यावी.

२. केलरमधलं, म्हणजे तळघरातलं, तांब्याचं मोठं पातेलं, गाळण्या आणि यीस्टच्या बरण्या माझी विद्यार्थिनी शमिका हिला द्याव्यात. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत लोक घरोघरी जी बिअर करत, ती मी इतिहासाच्या संशोधनासाठी या पातेल्यात करून पाहिली. कधी काकवीची, कधी कोंडा आणि पर्सिमनची. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभरांच्या जातीचं फळ. मी पंचशील पाळते, त्यामुळे आयुष्यभर चव घेऊन थुंकत आले.

३. माझे पूर्वीचे पती जीवन रामटेके यांना काहीही देऊ नये. घटस्फोटानंतर त्यांना तसंही काही मिळत नाही, तरी कारण नोंदवते.

व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर डॉर्कस नावाची गुलाम बाई होती. पर्सिमनची बिअर ती करायची आणि पाहुणे वाहवा मालकाची करायचे. ते काम तिच्या नावावर यावं, यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं. जीवनने तीच बिअर करायला बॉनबाहेर ब्रुअरी काढली. बाटलीवर डॉर्कसचं नाव हवं, एवढ्या एका अटीवर मी कृती दिली. उद्घाटनाला गेले, तर बाटलीवर केसांचा टोप घातलेला मळेवाला हसत होता.

"डॉर्कस कुठे आहे?" मी विचारलं.

"धम्मा, लोक इथे बिअर प्यायला येतात. त्यांना गुलामगिरी कशाला ऐकवायची?"

"मग हा मालक कशाला?"

"बरा दिसतो. आणि आल्झो, म्हणजे बघ, चित्र आपल्या यामिनीनेच काढलंय."

ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, त्याचे हे शब्द. मी पाहुण्यांसमोर त्या बाटलीचं लेबल नखांनी खरवडून काढलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी घटस्फोटासाठी वकिलाकडे गेले.

यंदा मार्चमध्ये माझी केमो चालू असताना तो फुलं घेऊन हॉस्पिटलात आला. मला वाटलं, भेटायला आला असेल.

"कृतीवर फक्त ब्रुअरीचा हक्क आहे, एवढी सही दे," तो म्हणाला. "नुसती फॉर्मॅलिटी आहे."

सही दिली नाही. फुलं नर्सला देऊन टाकली.

४. ती कृती माझी नाही, जीवनची तर नाहीच. शमिकाने ती डॉर्कसच्या नावानिशी छापून सर्वांना खुली करावी. ज्याला करायची त्याने करावी.

५. यामिनीला मी चित्राबद्दल विचारलं, तेव्हा ती जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, की पापाने सांगितलं म्हणून काढलं. घर तिला देते, कारण ती माझी मुलगी आहे. मी माफ केलं, असा अर्थ तिने त्यातून काढू नये.

६. अंत्यविधी साधा असावा. त्रिशरण-पंचशील म्हणावं, फुलं आणू नयेत. जीवनला यायचं तर येऊ द्यावं. त्याने मागे उभं राहावं. त्याला बोलू देऊ नये.

७. आम्ट्सगेरिष्ट, म्हणजे इथलं कोर्ट, आपला भाषांतरकार नेमेलच. त्याआधी यामिनीने वरचं तिसरं कलम आपल्या वडिलांसमोर उभं राहून मोठ्याने वाचावं, आणि मराठीतच वाचावं. अक्षरं मी तिला लहानपणीच शिकवली आहेत. ती अडखळली तरी कुणी शब्द सुचवू नये.

इथला कायदा साक्षीदार मागत नाही. मी मागते.

साक्षीदार: अरुणा मेश्राम (सही)
साक्षीदार: भास्कर वाघमारे (सही)

धम्मदीपा गजभिये (सही)
बॉन, दि. २२ मे २०२५