सदतीस नंबरचा खिळा

११ सप्टेंबर

पोचले एकदाची. ओशहून निघालेली गाडी कोक-बेलच्या चढावर दोनदा तापली. ड्रायव्हर इंजिनाला शिव्या देत बसला आणि मी खाली उतरून पोटभर जर्दाळू खाल्ले. जागा झकास आहे. खाली ओढा, ओढ्याकाठी वाळुंजाच्या झाडांची रांग, वर खाणीचं काळं तोंड आणि शेजारी रखवालदाराची खोली.

दहा दिवसांचं काम. खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली, आता तिच्यात वटवाघळं राहतात, घोड्याच्या नालासारख्या नाकाची. संध्याकाळी ती कुठं जातात, काय खातात, कशाच्या आडोशानं उडतात, ते टिपायचं. रखवालदार मामासाली-अता, म्हणजे मामासाली आजोबा, सत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू. माझं काम ऐकून त्यांनी विचारलं, ओशमध्ये मेंढरं संपली का मोजायची?

रविवारी, बावीसला, आयपेरीचा तुशो, पहिल्या पावलांचा सोहळा. माझी लेक चालायला लागली! पायांत बांधायचा काळा-पांढरा दोरा आईनंच वळायचा असतो, म्हणून सासूबाईंनी लोकर सोबत दिलीय. त्या दिवशी पोरांची शर्यत जिंकणारा तो दोरा कापेल आणि पोरगी मोकळी होईल, जन्मभर न अडखळता चालायला. रोज थोडा थोडा वळेन.

१२ सप्टेंबर

अतांचा नियम म्हणजे नियम. खाणीच्या गजांच्या दाराशेजारी लाकडी फळी आहे, तिच्यावर साठ खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. मला बारा नंबर मिळाला. रोज संध्याकाळी अता फळीवरून बोटं फिरवून बिल्ले मोजतात, कारण दिसत तर काही नाही. सगळे खिळे भरले की दाराला कुलूप घालायचं आणि घरी जायचं, असा जुना हुकूम.

सदतीसचा खिळा रिकामा आहे. जोलदोश नावाचा त्यांचा जोडीदार आतून आलाच नाही. खाण बंद झाली, साहेब गेले, गाव अर्धं ओस पडलं, पण फळी भरली नाही म्हणून दाराला कुलूप लागलं नाही आणि अताही हलले नाहीत. मुलगा खाली गावात ये म्हणून हात जोडतो. हे कुलपाला महिन्याच्या महिन्याला तेल घालतात. मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर

काम छान चाललंय. चौदा वटवाघळांच्या पाठीला इवली यंत्रं चिकटवली. सूर्य बुडाल्यावर पंचवीस मिनिटांनी गजांतून बाहेर पडतात, उघड्या रानावर एकही जात नाही, वाळुंजाची रांग धरून ओढ्यापर्यंत जातात. माझ्या पेटीत त्यांचा आवाज ऐकू येतो. शोधताना सावकाश टिकटिक, पतंग टप्प्यात आला की टिकटिक दाट होत जाते आणि शेवटी फर्र. फर्र म्हणजे घास. मग एखाद्या छताला लटकून खातात आणि पंख खाली टाकतात. शेंगा सोलाव्यात तसं.

दोरा वीतभर झाला.

१६ सप्टेंबर

चौदापैकी पाच वटवाघळं बाहेर येतच नाहीत. आजारी असतील असं वाटलं. बाकीची गेल्यावर आत शिरले, तीन फाटे ओलांडून शेवटच्या बोगद्यापर्यंत. जमिनीवर पतंगांचे ताजे पंख पडलेत, ओंजळीनं भरावेत इतके. म्हणजे ही पाच आतच जेवतात. दगडात पतंग येतात कुठून? दुसरं तोंड असेल तर? अता म्हणाले, नाही, तिकडचा डोंगर जोलदोश गेला तेव्हाच खचला.

आत लसणाचा वास येत होता. कुणाची फोडणी इथवर पोचते कोण जाणे.

१७ सप्टेंबर

आवाज टिपायचं यंत्र शेवटच्या बोगद्यात ठेवलं होतं, सकाळी ऐकलं. रात्रभर फर्र, फर्र, फर्र. सगळं एकाच जागेभोवती. असं फक्त दिव्याच्या खांबापाशी होतं, दिव्याला पतंग आणि पतंगांना वटवाघळं.

ती जागा तासाला दोन-तीन पावलं सरकते.

चहा पिताना अतांना सहज विचारलं, तुमच्या वेळी दिवे कसले होते? कार्बाइडचे, म्हणाले. लसणासारखे घाण वास मारायचे.

मी लसणाबद्दल त्यांना काहीच बोलले नव्हते.

१८ सप्टेंबर

उजेड पाहिला. वळणापलीकडे, पिवळा, कमरेच्या उंचीवर. मी पुढं सरकले आणि तो विझला. पळताना पंखांच्या ढिगात पाय घसरून पडले, हाताला काहीतरी टोचलं. पितळ. सदतीस.

धावत बाहेर आले. वाटलं, निदान म्हाताऱ्याच्या जिवाला शांती मिळेल. दोन्ही बिल्ले टांगले.

१९ सप्टेंबर

अता फळीसमोर बसून रडले. तोच तो बिल्ला चाचपत होते, पोराचं तोंड चाचपावं तसा. उद्या संध्याकाळी पुतण्या गाडी आणतोय, तिच्यातून दोघंही खाली जाऊ म्हणाले. उद्या तुझा बारा खिळ्यावर हाताला लागला की कुलूप घालतो, पोरी, आणि सुटलो. मीही सुटले. दोरा पूर्ण झाला, उरलेल्या लोकरीचा भलामोठा गुंडा आहे.

आता आत जायचं नाही असं ठरवलं. पण यंत्र राहिलंय, संस्थेचं एकुलतं एक. वटवाघळं बाहेर पडली की धावत जाऊन आणेन.

२० सप्टेंबर

निघताना बारा खिशात टाकला, अतांनी कमरेला दोर बांध म्हणून बजावलं. दोर सामानात बांधून गेलेला. मग लोकरीचा गुंडा घेतला, आणि तो पुरेना तेव्हा आयपेरीचा दोराच पुढं जोडला. एक टोक दाराच्या गजाला. सासूबाईंना कळलं तर जीव घेतील. तो दोरा पोरीच्या पायांशिवाय कशालाच बांधायचा नसतो. पाच मिनिटांचा तर प्रश्न.

शेवटच्या बोगद्यात बसून लिहितेय. पाय उचलत नाहीत म्हणून बसले. इथं उजेड नाही, पेटीत आवाज नाही. पाचही वटवाघळं छताला गप्प लटकलीत. जेवण संपल्यासारखी.

आत्ता माझ्या शेजारून कुणीतरी गेलं. दाराच्या दिशेनं. दिव्याशिवाय.

खिशात बारा नाही.

दोरा ओढत परत निघाले. ढिला येतोय. सगळाच येतोय—

टोक हातात आलं, आयपेरीच्या दोऱ्याचा अर्धाच तुकडा. तुटलेलं नाही. कापलेलं आहे, स्वच्छ.

दाराकडून अतांचा आवाज. शब्द न् शब्द ऐकू आला. म्हणाले, "पोरी, हात किती गार पडलेत तुझे. चल, गाडी थांबलीय. परवा लेकीचे पाय मोकळे करायचेत ना."

मी ओरडले. घसा फाटेपर्यंत. मग कुलपाचा आवाज. तेल घातलेलं, एकदाच वाजलं.

(तारीख?)

दारापाशी बसले होते. गजातून हात गेला, फळीपर्यंत पोचला. साठ. तीनदा मोजले. साठ.

खाली रस्ता रिकामा.

झोप लागली का मला? जाग आली तेव्हा मी शेवटच्या बोगद्यात. चालत आलेलं आठवत नाही—

डोक्यावर टिकटिक. पेटी बंद आहे, तरी ऐकू येतेय. दाट होतेय. पतंग आलेत, माझ्या दिव्यावर. फर्र. वहीच्या पानावर पंख पडतात, झटकून लिहितेय.

माझा दिवा बॅटरीचा. त्याला लसणाचा वास कसा—

आज रविवार असेल. सासूबाई, दोरा तिनं आणला तरी घेऊ नका. आयपेरीला तिच्या कडेवर देऊ नका. ती मी न